वरचा विस्तव

भट्टीत भाजलेले जिन्नस आणि मराठी गृहस्थाश्रम यांचा संबंध अलीकडचा व उसनवारीचा आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. चूल, तवा, कढई आणि वाफेचे पातेले एवढ्यांवर आपला पाकव्यवहार शतकानुशतके चालला, आणि पाव, बिस्किटे व केक ही मंडळी आधी फिरंग्यांच्या व मागाहून इंग्रजांच्या गलबतांतून उतरली, असा तिचा सारांश. ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती खोडून काढणे कठीण जाते. गिरगाव, दादर, परळ व लालबाग या चार वस्त्यांतील घराघरांतून भाजण्याच्या कृती आणि त्या कृतींबरोबर वारशाने आलेली भांडी यांची एकत्र नोंद करणारा प्रस्तुत संग्रह वाचताना या समजुतीचा उरलेला अर्धा भाग गळून पडतो. त्याच वेळी हेही ध्यानात येते की या विषयाचा इतिहास पिठाचा किंवा साखरेचा नसून मुख्यतः विस्तवाचा आहे, आणि त्यातही वरून येणाऱ्या विस्तवाचा.

चुलीचा विस्तव खालून वर जातो. भाकरी, घावन, आंबोळी ही सारी त्याच्या एकेरी अंमलाखालची प्रजा. परंतु पीठ जाड थराने बसवावे, ते मधोमध शिजावे, बुडाशी करपू नये आणि माथ्यावर त्याने तांबूस पापुद्रा धरावा, अशी इच्छा ज्या गृहिणीच्या मनात प्रथम आली, तिला दुसऱ्या विस्तवाची योजना करावी लागली. ती तिने पातेल्यावर काठ उचललेले झाकण ठेवून आणि त्या झाकणावर निखारे पसरून केली. कोकणातले धोंडस, म्हणजे तवशाचा कीस, तांदळाच्या कण्या, गूळ व खोबरे यांचा घट्ट शिजवलेला गोड ठोकळा, असाच ‘खाली-वर विस्तव’ घालून होतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात होणारे निनाव, ज्यात डाळीचे पीठ, कणीक, गूळ, नारळाचे दूध व जायफळ एवढीच सामग्री असते, तेही असेच. आणि पाठारे प्रभूंचे भानोळे, मग ते कोबीचे असो वा कोळंबीचे, याच रीतीने सिद्धीस जाते. या रीतीच्या जन्मासाठी कोणा फिरंग्याने दर्यावर गलबत लोटण्याची गरज नव्हती. ओव्हन नावाची पेटी नसली तरी ओव्हनचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात नांदत होते. ते तत्त्व एका झाकणाच्या उंच काठात सामावलेले होते, आणि झाकणाकडे कोणी शास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहत नाही, एवढेच.

या देशी प्रवाहाशेजारी मुंबईत दुसरा प्रवाह वाहत होता, आणि दोहोंचा संगम जिथे झाला ती जागा बोटाने दाखवता येण्याजोगी आहे. गिरगावातली खोताची वाडी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका पाठारे प्रभू खोताच्या जमिनीवर वसली. त्याने विकलेल्या तुकड्यांवर ज्यांनी लाकडी जिन्यांची, पुढे ओसरी असलेली घरे बांधली, ती कुटुंबे पुष्कळशी या बेटांवरच्याच मूळ रहिवाशांची, पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली व घरात मराठी बोलणारी होती. व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, १८८७ साली, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नाव इंग्रजी कंपनीचे, धर्म रोमचा, जीभ उत्तर कोकणची, असा हा समाज. त्याचा नाताळातला ‘थाली स्वीट’ हा पदार्थ पाहावा. रवा, खोबरे, बदाम, साखर, लोणी व अंडी यांचे मिश्रण थाळीत थापून ते भाजतात. अंडी व बदाम वगळले तर धोंडसाशी त्याचे नाते सख्ख्या नसले तरी चुलत भावंडाचे आहे. गोमंतकातून धोबी तलाव व गिरगावच्या आसपास येऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची बिबिंक तर वरच्या विस्तवाची परमावधी होय. तिच्यात एक थर वरून भाजून झाल्यावाचून दुसरा ओतायचा नसतो, आणि घाई करणाऱ्याच्या हाती थरांऐवजी खीर लागते. शेजारधर्माने या घरांतून त्या घरांत काय गेले व काय आले याचे दाखले कागदोपत्री फारसे नाहीत. पण एकाच वाडीत खोत प्रभू आणि गिऱ्हाईक ख्रिस्ती असताना कृतींची देवघेव झाली नसेल असे मानायला मोठा नेट लागेल.

ही देवघेव सर्वांना खुली मात्र नव्हती. आज ज्या पावाशिवाय मुंबईचा वडा अपुरा वाटतो, तो पाव एकेकाळी धर्मत्यागाचा पुरावा मानला जात असे. १८४९ साली दादोबा पांडुरंग प्रभृतींनी मुंबईत स्थापन केलेल्या परमहंस सभेत प्रवेश करू इच्छिणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन झुगारल्याची साक्ष पटवावी, असा शिरस्ता होता. ही साक्ष इतकी जोखमीची की सभेचा सारा कारभार गुप्तपणे चाले, आणि सभासदांची नावे बाहेर फुटताच, १८६० च्या सुमारास, ती सभाच मोडली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा जो प्रसंग घडला, त्यातून उठलेल्या ग्रामण्याने, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादाने, टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेला लावले, हे सर्वश्रुत आहे. आता यापुढचा भाग इतिहासकारांनी फारसा नोंदवलेला नाही, आणि माझ्या मते तोच अधिक विस्मयकारक आहे. पंचहौदच्या बिस्किटांवरून ज्यांच्या आजोबांनी शंकराचार्यांपर्यंत कैफियती नेल्या असतील, त्यांच्याच नाती, गिरगावच्या नि दादरच्या चाळींतून, दिवाळीच्या आधी मैद्याचा डबा मुलाच्या डोक्यावर देऊन त्याला इराण्याच्या किंवा मुसलमान बेकरीवाल्याच्या भट्टीवर पाठवू लागल्या. यासाठी सभा भरली नाही, ठराव झाला नाही आणि प्रायश्चित्तही कोणी घेतले नाही. जे काम सुधारकांच्या गुप्त मंडळीला साधले नाही, ते नानकटाईने बिनबोभाट पार पाडले.

नानकटाईची जन्मकथा सुरतेची सांगतात. डच वखारीच्या पदरी असलेल्या भट्टीचा वारसा एका पारशी गृहस्थाकडे आला आणि माडीने फुगवलेला व अंडे घातलेला माल स्थानिक गिऱ्हाइकाला चालेना, म्हणून दोन्ही वगळून हे खुसखुशीत बिस्किट निघाले, अशी ती आख्यायिका. ती खरी असो वा नसो, अंड्यावाचूनचा आणि माडीवाचूनचा हा पदार्थ सोवळ्याच्या घरात शिरायला सोयीचा होता हे निर्विवाद. मुंबईत त्याला दोन गोष्टींनी हात दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी इराणातील यज्द व आसपासच्या मुलखातून आलेल्या जरथोस्ती लोकांनी कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेले आणि भट्ट्या थाटल्या. धोबी तलावाजवळची कयानी १९०४ ची आणि ग्रँट रोड स्टेशनासमोरची मेरवान १९१४ ची. दुसरी गोष्ट म्हणजे १९३७ साली बाजारात आलेले डालडा, ज्याने साजूक तुपाचा परवाना नसलेल्या घरांनाही नानकटाई करण्याचा हक्क दिला, आणि रिकाम्या पिवळ्या डब्याच्या रूपाने ती साठवण्याची सोयही करून दिली.

या भट्टीचा व्यवहार मोठा शहाणपणाचा होता, आणि त्याचे वर्णन या संग्रहात निरनिराळ्या तोंडून वारंवार येते. विटांचा जाड घुमट लाकडाच्या जाळाने तापवायचा, जाळ व राख बाजूला सारून त्या साठवलेल्या धगीवर पाव भाजायचा. पाव काढून झाला की धग हळूहळू उतरणीला लागते, आणि ती उतरती धगच बिस्किटांना मानवते, कारण नानकटाईला रंग चढण्यापेक्षा आतवर सुकणे अधिक अगत्याचे. म्हणजे पाववाल्याचा जो उष्णतेचा शिल्लक ऐवज एरवी वाया गेला असता, तो गल्लीतल्या गृहिणी भाजणावळ देऊन विकत घेत. घरी परातीत तूप व पिठीसाखर तळहाताने पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची, मैदा, थोडा रवा, थोडे बेसन, वेलची वा जायफळ मिळवायचे, आणि गोळा डब्यात घालून भट्टीवर न्यायचा. तिथल्या काळ्या पत्र्यांवर मुलांनी गोळे मांडायचे, आपल्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची, आणि शेजारणीच्या पत्र्यातली नानकटाई आपल्यापेक्षा अधिक फुललेली निघाली तर ती बातमी तूप-साखरेच्या प्रमाणासकट घरी पोहोचवायची. प्रमाण घराचे, विस्तव मोहल्ल्याचा. लालबागच्या मिरची गल्लीत आजही हीच वहिवाट मसाल्याच्या बाबतीत चालू आहे. मिरची-धणे-खड्या मसाल्याची यादी प्रत्येक घराची निराळी, ती बहुधा सासूच्या हस्ताक्षरातली. भाजण्याचे व डंकावर कुटण्याचे काम मात्र बाजाराचे. घरगुती परंपरा ही घराच्या चार भिंतींत सुरक्षित राहते, असे जे आपण गृहीत धरतो, ते दहा फुटी खोल्यांच्या मुंबईला लागूच पडत नाही. तिथे परंपरेचा निम्मा भाग रस्त्यावर राहत असे.

परळ-लालबागच्या गिरणगावाविषयी येथे थोडक्यातच लिहितो. त्याच्या खाण्यापिण्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा एवढा तो विषय मोठा आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून एकटे आलेले गिरणीकामगार ज्या खानावळवाल्या बायांच्या हातचे जेवत, त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी-संपाने या खानावळींचे गिऱ्हाईकच हिरावून नेले. या घरांत भाजण्याच्या गोडधोडाला सवड थोडी होती. पण मोठ्या पराती, जाड तवे व परडीभर भाकऱ्यांचा हिशेब ठेवणारी स्मरणशक्ती यांचा वारसा त्यांनी जेवढा जपला तेवढा सुखवस्तू दादरनेही जपलेला नाही, असे या संग्रहातील परळची प्रकरणे वाचून माझे मत झाले आहे.

वरचा विस्तव घरातून नाहीसा कसा झाला, याचे उत्तर इंधनात आहे. १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. पुढच्या दोन-तीन दशकांत कोळशाची शेगडी मोरीतून गच्चीवर आणि गच्चीवरून भंगारात गेली, आणि शेगडीबरोबर निखारेही गेले. गॅस फक्त खालून जळतो. पातेल्याच्या झाकणावर ठेवायला काही उरत नाही. मग निनावासाठी कोणी गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर तवा लाल करून पातेल्यावर पालथा घालू लागले, कोणी जाड पातेल्यात वाळू तापवून तीत डबा ठेवू लागले, आणि ज्यांना परवडला त्यांनी झाकणात काचेची खिडकी असलेला अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन घेतला. या गोल ओव्हनवर आपल्याकडे कोणी निबंध लिहिलेला नाही, हे मला अन्यायाचे वाटते. दादरच्या मध्यमवर्गाने केकशी जो संसार मांडला तो याच भांड्याच्या भरवशावर. १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली आणि पुढे दादरला आलेली केटरिंगची शिक्षणसंस्था एका बाजूला, दुपारच्या वेळी घराच्या बैठकीत भरणारे केक व आयसिंगचे वर्ग दुसऱ्या बाजूला, अशा दुहेरी शिक्षणातून अंड्याचा, बिनअंड्याचा, आटवलेल्या दुधाचा केक घरोघर रुजला.

मुद्रित पाकग्रंथांनी या स्थित्यंतराची नोंद घेतली, परंतु विषम प्रमाणात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चे, म्हणजे पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघराने मराठी वाचकांपुढे उघडलेले पहिले मोठे दार. आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची, जिने वाटी व चमचा यांना प्रमाणाची प्रतिष्ठा दिली. तिन्ही ग्रंथांचे ऋण मोठे आहे. तरी त्यांच्यात एक गोष्ट सापडत नाही, आणि ती सापडत नसल्यामुळेच प्रस्तुत संग्रहाची गरज निर्माण झाली: कृतीत लिहिलेली वाटी कोणती?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, या कोष्टकावर ज्यांचे बालपण गेले त्या बायकांनी आपली प्रमाणे भांड्यांच्या पोटात साठवली होती. १९५६ च्या कायद्याने व १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या दशमान पद्धतीने बाजारातला शेर रद्द केला, घरातले मापटे मात्र रद्द करता आले नाही. आईने मुलीला कृती दिली ती ‘त्या पितळी वाटीने दोन’ अशीच दिली. ती वाटी घरात आहे तोवर कृती अभंग. वाटी गेली की वहीतली अक्षरे जशीच्या तशी राहतात आणि पदार्थ मात्र बिघडतो, आणि मग हाताला चव राहिली नाही अशी तक्रार सुरू होते. वारशाची भांडी ही आठवणीची शोभेची वस्तू नसून कृतीचे मूळ दप्तर आहेत, हा या संग्रहाचा मुख्य सिद्धांत. तो मला पूर्णपणे मान्य आहे, आणि ही प्रस्तावना लिहिण्याचे मी स्वीकारले ते त्याचसाठी.

आणि दप्तर म्हटले की त्यावर शिक्के आलेच. लग्नात रुखवतावर मांडलेल्या किंवा माहेरून आलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घेण्याची चाल सर्वत्र होती; कुठे देणाऱ्याचे नाव, कुठे घेणारीचे, कुठे साल. चाळीतल्या कार्यात भांडी घरोघर फिरत असल्यामुळे त्या नावाला व्यवहारात उपयोग होता. आज तेच नाव एखाद्या स्त्रीच्या अस्तित्वाचा घरातला एकमेव लेखी पुरावा असते, कारण सातबारा, भाडेपावती व शिधापत्रिका यांवर तिच्या नवऱ्याचे नाव होते. तांब्याच्या भांड्याला आंबट लागले की ते कळकते, म्हणून वर्षाकाठी नवसागर फिरवून कथलाची कल्हई करून घ्यावी लागे. कल्हईवाला गल्लीत यायचा थांबला आणि स्टेनलेस स्टील आले, तेव्हा तांबाकाट्याच्या बाजारात मोडीच्या भावाने, किंवा दारावर आलेल्या बोहारणीच्या टोपलीत, ही दप्तरे वजनावर गेली. पितळेचे पातेले देऊन तिप्पट चकचकीत स्टील घरात आणणाऱ्या गृहिणीला दोष देणे हा पुरुषी दांभिकपणा होईल. घासण्याचे काम तिलाच होते.

हा विषय आजच का घ्यावा, याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही सरकारी कागदांत सापडतात. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेसंबंधीच्या प्रकरणात लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे असा हुकूम केला, आणि त्यापाठोपाठ महापालिकेच्या नोटिसा निघाल्या. भंगारातल्या रंगवलेल्या लाकडाचा धूर फुप्फुसांत भरून घेण्यात कसलीही संस्कृती नाही, तेव्हा या हुकुमाविरुद्ध मला तक्रार नाही. एवढेच नोंदवावेसे वाटते की बटण फिरवताच धग देणारी व बटण फिरवताच विझणारी भट्टी उतरती धग शिल्लक ठेवत नाही, आणि शेजारणींच्या पत्र्यांची पाळी त्या शिलकेवरच अवलंबून होती. दुसरे कारण पुनर्विकासाचे. गिरगावात मेट्रोच्या भुयाराने आणि नायगाव व ना. म. जोशी मार्गावर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातल्या बी.डी.डी. चाळींच्या जागी उठणाऱ्या बुरुजांनी हजारो बिऱ्हाडे हलवली आहेत. माळ्यावरचे पातेले खाली काढून ‘हे न्यायचे की मोडीत द्यायचे’ हा निर्णय त्या घरांत आता, या महिन्यात होत आहे.

म्हणून संपादिकांनी घाई केली, आणि ती योग्य केली. त्यांनी प्रत्येक कृतीबरोबर ते भांडे मोजले. वाटीत पाणी किती मावते, झाकणाचा काठ किती उंच, तळ किती जाड, कल्हई शेवटची केव्हा झाली, भांड्यावर नाव कोणाचे, ते या घरात कोणत्या बाजूने आले, हे तपशील कृतीच्या शेजारी छापले. मूळ विस्तव कोणता होता व आज कोणता वापरतात, हे दोन्ही निराळे दिले. ‘अस्सल’ कोणते याचा निवाडा करण्याचे त्यांनी टाळले. काही वाचकांना ही उणीव वाटेल. मला ती या पुस्तकाची मोठी शिस्त वाटते, कारण पाकशास्त्रात अस्सलपणाचा दावा बहुधा तो करणाऱ्याच्या मामेबहिणीलाही मान्य नसतो. छायाचित्रे आणखी हवी होती, विशेषतः झाकणांची. आणि पारशी घरांना, दादरच्या पारशी कॉलनीपासून हाकेच्या अंतरावर हे काम चालले असताना, एखादे प्रकरण द्यायला हवे होते. दुसऱ्या आवृत्तीत ते द्यावे अशी माझी सूचना आहे.

करून पाहू इच्छिणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. नानकटाईच्या येथे छापलेल्या कृती परस्परांशी जुळत नाहीत; कुणाकडे दही आहे, कुणाकडे सोडाही नाही, कुणी रवा घालणाऱ्यांना नाके मुरडली आहेत, आणि लालबागच्या एका घराने तर बेसनाचा उल्लेखच ‘गिरगावकरांची लबाडी’ असा केला आहे. यांतले सरासरी प्रमाण काढण्याचा मोह आवरावा. एक कृती निवडावी, तिच्या शेजारी दिलेल्या मापाची वाटी शोधावी, आणि पहिला पत्रा करपला तर दुसरा खालच्या कप्प्यात सरकवावा.